पाच ओळींच्या टेबलापलीकडे

कर्मचारी क्रमांक, नाव, विभाग, पगार. संगणकाच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याने हे टेबल कधी ना कधी केलेले असते. त्यात पाच ओळी भरायच्या, जास्त पगाराचे कर्मचारी शोधणारी क्वेरी चालवायची, प्रिंटआउट जर्नलला चिकटवायचा आणि सरांची सही घ्यायची. सुरुवातीला एवढे पुरते. पुढे पदवीच्या शेवटी किंवा एम. एस्सी., एम. ई.ला प्रगत डेटाबेसचा पेपर समोर येतो तेव्हा हीच सवय आडवी येते. पाच ओळींवर कोणतीही क्वेरी पापणी लवायच्या आत चालते, मग इंडेक्स असो वा नसो. टेबल एकट्यानेच हाताळल्यामुळे लॉक कशाला हवेत हे कळत नाही, आणि मशीन मध्येच बंद पडले तर काय होईल हा प्रश्नच पडत नाही. प्रगत डेटाबेसचा सगळा विषय मात्र या तीन गोष्टींवर उभा आहे: डेटा मेमरीत मावत नाही, एकाच वेळी अनेक जण तो वापरतात आणि यंत्र कधीही दगा देते.

म्हणून हा पेपर घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात एक काम करावे. खरा, मोठा आणि ज्याच्याविषयी आपल्याला काही प्रश्न पडतील असा डेटा मिळवावा. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात, कुरणला, बेल्ह्याला, किंवा मंचर, ओतूर, जुन्नरहून पुण्याला जाऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वापरतात असा एक कॅटलॉग जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या दुर्बिणीने दिलेला आहे.

नारायणगावजवळच्या खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचा. त्यातल्या १४ अँटेना मध्यभागी दाटीने उभ्या आहेत आणि बाकीच्या १६ इंग्रजी वायच्या आकाराच्या तीन हातांवर पसरल्या आहेत. सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही दुर्बीण चालवते. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे सर्वेक्षण केले. त्या निरीक्षणांवर नव्याने प्रक्रिया करून तयार झालेला कॅटलॉग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग आणि ६ लाख २० हजारांच्या आसपास रेडिओ स्रोत आहेत. प्रत्येक स्रोताचे आकाशातले स्थान, तीव्रता आणि मोजमापातली त्रुटी असे रकाने. टीजीएसएस या नावाने तो ओळखला जातो आणि कोणालाही फुकट उतरवून घेता येतो.

सहा लाख ओळी म्हणजे आजच्या हिशेबाने मोठा डेटा नव्हे. साध्या लॅपटॉपवर पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस टाकला की त्यात तो सहज बसतो. पण पाच ओळींत जे कधीच दिसले नसते ते इथे दिसू लागते.

आधी इंडेक्स. बी-प्लस ट्रीची आकृती परीक्षेत सगळेच काढतात, फांद्यांत दोन-तीन आकडे घालून. प्रत्यक्षात पोस्टग्रेसक्यूएलचे एक पान ८ किलोबाइटचे असते आणि पूर्णांकाच्या इंडेक्सची एक नोंद सुमारे २० बाइट खाते. पानात थोडी जागा मोकळी सोडली तरी साडेतीनशेच्या वर नोंदी मावतात. म्हणजे सहा लाख ओळींसाठी तळाची सुमारे १,७०० पाने, त्यांच्यावर मोजकी मधली पाने आणि एक मूळ. तीन मजल्यांत काम झाले. टेबल साठपट वाढून पावणेचार कोटींचे झाले तरी फार तर आणखी एक मजला चढतो. हा हिशेब एकदा कागदावर स्वतः मांडला की इंडेक्समुळे क्वेरी वेगात का होते हे पाठ करावे लागत नाही. त्याच वेळी हेही कळते की ज्या क्वेरीला निम्मे टेबल हवे आहे तिथे डेटाबेस इंडेक्सकडे ढुंकूनही का पाहत नाही. एक्सप्लेन अॅनलाइज हे शब्द क्वेरीच्या आधी लिहिले की डेटाबेसने कोणता मार्ग घेतला, किती ओळींचा अंदाज होता आणि खरोखर किती निघाल्या हे सगळे समोर येते. पूर्ण सत्रात दुसरे काहीच नवे शिकले नाही तरी चालेल, पण हा प्लॅन वाचायला शिकावे.

मग जॉईन. अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीचा एनव्हीएसएस नावाचा कॅटलॉग १.४ गिगाहर्ट्झवरचा आहे, त्यात सुमारे १८ लाख स्रोत आहेत. खोडदच्या यादीतला कोणता स्रोत त्या यादीतल्या कोणाशी जुळतो हे शोधणे हा उत्तम प्रकल्प होतो. जुळणी झाली की दोन वारंवारितांवरच्या तीव्रतांवरून स्रोताचा वर्णपट कसा उतरतो तेही काढता येते, त्यामुळे उत्तराला काही अर्थ येतो. साधेपणाने लिहिले तर प्रत्येक ओळीची प्रत्येक ओळीशी तुलना होते. सहा लाख वीस हजार गुणिले अठरा लाख, म्हणजे एक लाख कोटींहून जास्त तुलना. सेकंदाला एक कोटी तुलना धरल्या तरी तीस तास उलटतात. इथे विद्यार्थी पहिल्यांदा घामाघूम होतो, आणि तेच हवे असते.

यावर एक सुंदर तोड जिम ग्रे यांनी सुचवलेली आहे. ट्रान्झॅक्शन प्रक्रियेवरच्या कामासाठी त्यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नंतर खगोलशास्त्रज्ञ अलेक्स साले यांच्याबरोबर त्यांनी स्लोन आकाश सर्वेक्षणाचा डेटाबेस उभा करण्यात बरीच वर्षे घातली. त्यांची ‘झोन’ पद्धत अशी: आकाशाचे क्रांतीनुसार (आकाशातल्या अक्षांशानुसार) आडवे पट्टे पाडायचे, प्रत्येक स्रोताला पट्ट्याचा क्रमांक द्यायचा, पट्टा आणि विषुवांश (आकाशातला रेखांश) यांवर साधा बी-ट्री इंडेक्स लावायचा आणि जुळणी फक्त त्याच व शेजारच्या पट्ट्यांत शोधायची. कोणतेही खास एक्सटेन्शन लागत नाही, शुद्ध एसक्यूएलमध्ये होते. तीस तासांचे काम कुठे येऊन थांबते ते स्वतःच्या मशीनवर मोजावे. नंतर हवे तर क्यू३सी हे खगोलशास्त्रज्ञांचे पोस्टग्रेसक्यूएल एक्सटेन्शन टाकून तुलना करावी.

यात दोन खड्डे आहेत आणि बहुतेक जण दोन्हींत पडतात. विषुवांश ३५९.९९ अंश आणि ०.०१ अंश हे आकाशात अगदी शेजारी असतात, वजाबाकीत मात्र ते जवळजवळ ३६० अंश दूर दिसतात. दुसरे, विषुववृत्तापासून दूर गेले की विषुवांशाचा एक अंश आकाशात आक्रसतो. ६० अंश क्रांतीवर तो निम्मा होतो. कोसाइनचा गुणक विसरला तर ध्रुवाकडच्या जुळण्या गळून पडतात आणि क्वेरी मात्र कुठलीही चूक न दाखवता चालते. टीजीएसएसचा बीम २५ विकलांचा असताना किती विकलांपर्यंतची जुळणी मानायची, हा निर्णयही विद्यार्थ्याचाच.

आकाशाऐवजी जमीन आवडणाऱ्याने अवकाशीय डेटाबेसचा भाग बिबट्यांच्या निमित्ताने वाचावा. जुन्नर वनविभागाला आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राला बिबट्यांच्या वावराचा प्रश्न रोजचा आहे. २००९मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला गेला आणि तिथून चालत महिनाभराच्या आत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. २०११मध्ये वाहनाखाली सापडून तो मेला तेव्हा ओळख पटली ती त्याच्या शरीरातल्या मायक्रोचिपवरून. एका प्राण्याच्या शेकडो वेळ-स्थान नोंदी, त्याखाली रस्ते, गावे, उसाची शिवारे. आर-ट्री, पोस्टजीआयएस आणि ‘सर्वांत जवळचे काय’ ही क्वेरी यांची गरज समजायला याहून वेगळे उदाहरण शोधायला नको. अँटोनिन गटमन यांचा आर-ट्रीवरचा मूळ शोधनिबंध १९८४चा आहे. तो लहान आहे आणि अजूनही सहज वाचता येतो.

क्वेरी ऑप्टिमायझर हे प्रकरण वर्गात बहुधा घाईने उरकले जाते. खरे तर नोकरीत सर्वांत जास्त उपयोगी पडते ते हेच. १९७९मध्ये आयबीएमच्या पॅट सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी खर्चाचा अंदाज काढून प्लॅन निवडण्याची पद्धत मांडली, आजचे बहुतेक डेटाबेस तिच्याच वंशातले. अंदाज कुठून येतो? डेटाबेस टेबलातल्या काही हजार ओळींचा नमुना घेतो आणि प्रत्येक रकान्याची आकडेवारी ठेवतो. आता समजा पुणे जिल्ह्यातल्या दहा लाख खातेदारांचे टेबल आहे. त्यात पाच टक्के आंबेगाव तालुक्याचे आणि अर्धा टक्का मंचरचे. ‘तालुका आंबेगाव आणि गाव मंचर’ अशी अट घातली तर माणूस सांगेल, मंचर आंबेगावातच आहे, म्हणजे पाच हजार ओळी. ऑप्टिमायझरला भूगोल येत नाही. तो दोन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र धरून गुणाकार करतो आणि २५० ओळींचा अंदाज बांधतो. वीसपट कमी. मग अडीचशे ओळींना शोभेल असा नेस्टेड लूप निवडतो आणि पाच हजार ओळींवर दमतो. क्वेरीत कुणाचीच चूक नाही, तरी ती रेंगाळते. पोस्टग्रेसक्यूएलच्या दहाव्या आवृत्तीपासून दोन रकान्यांमधल्या नात्याची आकडेवारी वेगळी ठेवायला सांगता येते. ती ठेवण्याआधीचा आणि नंतरचा प्लॅन शेजारी शेजारी ठेवून पाहावा.

ट्रान्झॅक्शन आणि रिकव्हरी हा या विषयाचा कणा. अॅसिडची चार अक्षरे सगळ्यांना पाठ असतात. पण ‘लॉग आधी, डेटा नंतर’ हा नियम नेमका कशासाठी, असे तोंडी परीक्षेत विचारले की शांतता पसरते. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला याचे उत्तर खरे तर घरीच मिळते, कारण त्याने सातबारा आणि फेरफार पाहिलेले असतात. जमीन विकली, वारस लागला, बोजा चढला की तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करत नाही. आधी गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत क्रमांकाने नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक राहतो, म्हणून कितीही जुना इतिहास मागे मागे जाऊन उलगडता येतो. डेटाबेसचा राइट-अहेड लॉग याच शिस्तीचा आहे: बदल आधी क्रमाने लॉगमध्ये, कमिटची नोंद डिस्कवर पक्की झाली की काम पक्के, मूळ पान सवडीने लिहिले तरी चालते.

साम्य आणखी एका पायरीपर्यंत जाते. प्रमाणित झालेला फेरफार अपिलात रद्द झाला तर जुनी नोंद फाडून टाकत नाहीत, त्या आदेशाचा नवा फेरफार पडतो. १९९२मध्ये सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एरीज या रिकव्हरी पद्धतीतही एखादे काम मागे घेताना लॉगमध्ये भरपाईची नवी नोंद लिहितात, त्यामुळे मागे घेता घेता पुन्हा वीज गेली तरी गोंधळ होत नाही. तुलना इथे सोडावी. महसुलात पंधरा दिवस लागणारी गोष्ट डेटाबेसला मिलिसेकंदांत करायची असते, आणि सगळी युक्ती त्या घाईत आहे. एरीजचा निबंध लांबलचक आणि अवघड आहे. तो पहिल्या वाचनात समजला असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. विश्लेषण, रीडू, अनडू या तीन फेऱ्या एका लहानशा लॉगवर हाताने करून पाहाव्यात, मग निबंध उघडावा. जाता जाता एक गोष्ट लक्षात ठेवावी. पोस्टग्रेसक्यूएल ओळीच्या जुन्या आवृत्त्या टेबलातच ठेवते, त्यामुळे तिला एरीजसारखी अनडूची फेरी लागत नाही. पुस्तकातली पद्धत आणि हातातले सॉफ्टवेअर यांतला असा फरक सांगणारा विद्यार्थी परीक्षकाच्या लगेच नजरेत भरतो.

प्रात्यक्षिक सोपे आहे. एक ट्रान्झॅक्शन कमिट करावे, दुसरे अर्धवट सोडावे आणि सर्व्हर इमिजिएट पद्धतीने बंद करावा. वीज गेल्यासारखेच ते. ग्रामीण भागात लॅबच्या यूपीएसची बॅटरी उतरली की हे प्रात्यक्षिक आपोआपही होते म्हणा. सर्व्हर पुन्हा सुरू केला की त्याच्या लॉग फाइलमध्ये डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, आता आपोआप दुरुस्ती चालू आहे, अशा अर्थाची ओळ येते. कमिट झालेले टिकते, अर्धवट राहिलेले दिसत नाही. मग आणखी एक मोजमाप करावे: हजार ओळी हजार वेगवेगळ्या कमिटांनी भरायला किती वेळ लागतो आणि त्याच हजार ओळी एका कमिटमध्ये किती. टिकाऊपणाची किंमत सेकंदांत समोर येते.

एकाच वेळी अनेकांनी डेटा वापरण्याचा भाग समजून घ्यायला टर्मिनलच्या दोन खिडक्या लागतात. एक काल्पनिक पतसंस्था धरावी, शाखा मंचर आणि घोडेगाव. नवरा-बायकोची दोन खाती, प्रत्येकी ५,००० रुपये, आणि नियम असा की दोघांची मिळून शिल्लक ५,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. मंचरला नवरा ४,००० काढायला येतो. कारकुनाच्या पडद्यावर एकूण १०,००० दिसतात, काढल्यावर ६,००० उरतील, चालेल. त्याच क्षणी घोडेगावला बायको ४,००० मागते. तिथेही १०,००० दिसतात, तिथेही चालेल. दोन्ही व्यवहार स्वतःपुरते बरोबर, दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या, त्यामुळे लॉकची टक्कर झालीच नाही. शेवटी शिल्लक २,०००. याला राइट स्क्यू म्हणतात.

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये आयसोलेशनची मूळ पातळी रीड कमिटेड असते, तिथे हे घडते. रिपीटेबल रीड केले तरी घडते, आणि बहुतेकांना इथेच आश्चर्य वाटते. सिरियलायझेबल पातळीवर मात्र दोघांपैकी एकाला कमिट करताना नकार मिळतो आणि ते काम पुन्हा करावे लागते. ही सोय २०११च्या ९.१ आवृत्तीत आली, तिच्यामागे केहिल, रोम आणि फेकेट यांचा २००८चा शोधनिबंध आहे. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही ओळी आधीच लॉक करणे. मग एका शाखेने खाती एका क्रमाने लॉक केली आणि दुसरीने उलट क्रमाने, तर डेडलॉक. पोस्टग्रेसक्यूएल साधारण एक सेकंद वाट पाहून डेडलॉक तपासते आणि एकाला बाहेर काढते. दोन खिडक्यांत हे सगळे तासाभरात करून होते आणि वहीतल्या चार पानांपेक्षा जास्त लक्षात राहते. प्रत्येक डेटाबेसची मूळ पातळी वेगळी असते हेही ध्यानात असू द्यावे. मायएसक्यूएलचे इनोडीबी रिपीटेबल रीडवर चालते आणि एकाच नावाच्या पातळ्या दोन ठिकाणी सारख्या वागतीलच असे नाही.

डेटा स्वच्छ करण्याचे काम अभ्यासक्रमात नसते, प्रकल्पात मात्र निम्मा वेळ तेच खाते. त्यासाठी बाजारभाव घ्यावेत. राज्य कृषी पणन मंडळ आणि केंद्राचे अॅगमार्कनेट रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर देतात. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात भाव बोलला जातो वीस किलोच्या क्रेटचा, सरकारी तक्त्यात तो असतो क्विंटलचा. पाच क्रेटचा एक क्विंटल हे माहीत नसलेला पुण्याचा मुलगा जुलै २०२३चे चढे भाव पाहून गोंधळात पडेल. नारायणगाव आणि नारायणगांव या डेटाबेसच्या दृष्टीने दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत, कारण एक अनुस्वार जास्त आहे. नुक्ता वेगळा टाकून लिहिलेला ऱ आणि अखंड ऱ डोळ्यांना एकच दिसतात, बाइट मात्र वेगळे. युनिकोडचे नॉर्मलायझेशन आणि देवनागरीचा वर्णक्रम लावणारे कोलेशन यांची गाठ इथे पडते, आणि बहुतेक इंग्रजी पुस्तकांत याचा उल्लेखही नसतो. हा डेटा वेग मोजायला अपुरा आहे. पण महिन्यानुसार पार्टिशन पाडणे, बाजारपेठांची प्रमाण यादी करणे, स्कीमा नीट बांधणे यासाठी याच्याइतका चांगला डेटा दुसरा नाही.

नोएसक्यूएलचे काय? मोंगोडीबी अभ्यासक्रमात आले आणि बायोडेटातही आले. कागदपत्रांचा साठा, की-व्हॅल्यू, ग्राफ हे प्रकार माहीत असायलाच हवेत. पण बी-ट्री आणि ट्रान्झॅक्शन न समजता नोएसक्यूएलकडे धावणाऱ्याला एवढेच सांगायला हवे की मोंगोडीबीनेही २०१८च्या ४.० आवृत्तीत अनेक दस्तऐवजांवरची ट्रान्झॅक्शन आणली. लोकांना ती लागतातच. वितरित डेटाबेसच्या भागात टू-फेज कमिट कुठे अडकून बसते ते नीट समजून घ्यावे, मग २०१४चा राफ्टवरचा निबंध वाचावा. तो समजायला सोपा असावा याच हेतूने लिहिला गेला आहे. गूगलचा स्पॅनर आणि अॅमेझॉनचा डायनॅमो यांचे निबंध त्यानंतर.

पुस्तकांत सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचे ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ आपल्याकडे सर्वत्र लागते. त्यातले एस. सुदर्शन आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. २०१९ची सातवी आवृत्ती मिळाली तर जुनी घेऊ नये. इंजिनच्या आतले भाग समजायला अॅलेक्स पेट्रोव्ह यांचे ‘डेटाबेस इंटर्नल्स’, आणि वितरित प्रणालींसाठी मार्टिन क्लेपमन यांचे ‘डिझायनिंग डेटा-इन्टेन्सिव्ह अॅप्लिकेशन्स’. निवडक शोधनिबंधांची ओळख करून देणारे ‘रेड बुक’ इंटरनेटवर फुकट आहे. पार्थ प्रतिम दास यांचा एनपीटीईएलवरचा आयआयटी खरगपूरचा अभ्यासक्रम पाया पक्का करतो. तो स्वयंमवर करून श्रेयांक मिळवता येतात का, हे विभागप्रमुखांना सत्राच्या सुरुवातीलाच विचारावे, अर्ध्यावर नको.

त्यापुढची झेप म्हणजे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अँडी पाव्लो यांची व्याख्याने. यूट्यूबवर सगळी आहेत. त्यांच्या बसटब या प्रकल्पात बफर पूल, इंडेक्स आणि क्वेरी चालवणारा भाग स्वतः सी-प्लस-प्लसमध्ये लिहायचा असतो आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही तो ग्रेडस्कोपवर तपासून घेता येतो. उत्तरे गिटहबवर जाहीर टाकू नयेत एवढी त्यांची अट आहे, ती पाळावी. गावाकडे नेटची रेंज येते-जाते, म्हणून व्याख्याने कॉलेजच्या वायफायवर बघून घ्यावीत आणि कोड घरी लिहावा. पोस्टग्रेसक्यूएलला नेट लागतच नाही, तिची सगळी कागदपत्रे उतरवून ठेवता येतात.

हे सगळे करून पुढे काय, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. पुणे हे या कामाचे जुने ठिकाण. पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी आनंद देशपांडे यांनी १९९०मध्ये पुण्यात काढली. त्यांची अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाची पीएच. डी. डेटाबेसमधलीच. व्हीएलडीबी ही या विषयातली जगातली अग्रगण्य परिषद १९९६मध्ये मुंबईत भरली होती. पोस्टग्रेसक्यूएलवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबीचे पुण्यात कार्यालय आहे. २००८च्या ८.३ आवृत्तीत आलेली हीप-ओन्ली टपल ही सुधारणा पवन देवलसी या अभियंत्याच्या नावावर आहे. ओळ बदलली पण इंडेक्समधला रकाना बदलला नाही आणि त्याच पानात जागा असली, तर इंडेक्सला हात न लावता काम भागवायचे, अशी ती युक्ती. आपल्या टीजीएसएसच्या टेबलात तीव्रतेचा रकाना बदलून पाहावा. पोस्टग्रेसक्यूएल असे किती बदल झाले याची मोजदाद ठेवते. मग त्याच रकान्यावर इंडेक्स लावून तेच पुन्हा करावे आणि आकडा किती पडतो ते बघावे. टेबल भरताना पानांत थोडी जागा मोकळी ठेवली तर आकडा कसा सुधारतो हेही.

गेट परीक्षेच्या संगणक पेपरात डेटाबेसवर प्रश्न ठरलेले: रिलेशनल अलजेब्रा, नॉर्मल फॉर्म, बी आणि बी-प्लस ट्री, ट्रान्झॅक्शन. त्यामुळे एम. टेक.चा विचार असणाऱ्याची ही मेहनत दोनदा कामी येते. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत मात्र अभ्यासक्रमाची भाषाच लागते. चालू पॅटर्नची अधिकृत प्रत विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून ठेवावी, सीनियरच्या नोट्सवर विसंबू नये, कारण नव्या शैक्षणिक धोरणानंतर पेपरांची नावे आणि घटक बदलत आहेत. सत्राच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत डेटा बसवणे, प्लॅन वाचणे आणि इंडेक्स उरकावे. मधला काळ ट्रान्झॅक्शन आणि रिकव्हरीला द्यावा, कारण वेळ तिथेच लागतो. वितरित भाग आणि नोएसक्यूएल शेवटी.

प्रकल्पाच्या अहवालात लॉगिन पानाचे आणि डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट भरून जाडी वाढवण्याची रीत आहे. त्याऐवजी एक क्वेरी घ्यावी, तिचा आधीचा प्लॅन, काय बदलले, नंतरचा प्लॅन, दोन्हींचा वेळ आणि वाचलेल्या पानांची संख्या द्यावी. मशीनची मेमरी किती, डिस्क कोणती, क्वेरी पहिल्यांदा चालवली की पाने आधीच मेमरीत होती, हेही लिहावे. नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली होते आणि तिथे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे प्रदर्शनही भरते. टीजीएसएसवर काम केलेल्या विद्यार्थ्याने तिथे जावे आणि जाताना न जुळलेल्या स्रोतांची यादी बरोबर घ्यावी. ते एनव्हीएसएसमध्ये का सापडत नाहीत, आपल्या क्वेरीत चूक आहे की ते खरोखरच वरच्या वारंवारितेवर मंद आहेत, हे सांगू शकणारी माणसे त्या दिवशी तिथेच भेटतात.